डावी बाजू

डाव्या दाढा गेल्यापासून ओनेकाचा डावा खांदाही ढिला पडला होता. डॉक्टरांनी दाढांच्या जागी चावायला रबरी पट्टी दिली, तेव्हा कुठे शंभर किलोचा दगड पुन्हा खांद्यावर चढू लागला. स्पेनमधल्या त्या बास्क गावच्या जत्रेत दगड उचलायची स्पर्धा सुरू होती. गेल्या वर्षी ओनेकाकडून हरलेली गार्बिन्ये ओरडली, "पंच, हिच्या तोंडात बघा! बाहेरची वस्तू चालत नाही." पंचांनी पट्टी काढायला लावली. दगड छातीवरूनच घसरला. "सूप पीत घरी बस, म्हातारे!" गार्बिन्ये हसली. एकच संधी उरली. हुकली तर गावाच्या संघातून नाव जाणार. ओनेकाने वेणी पुढे ओढली आणि डाव्या हिरड्यांत आवळली. "पंच, वेणी!" "तिच्याच डोक्याची आहे, बाई. गप बस." दगड मांडीवर आला, छातीवर चढला, खांद्यावर बसला. "झालं, टाक," पंच म्हणाले. ओनेकाने टाकला नाही. गार्बिन्येची नजर खाली जाईपर्यंत तशीच उभी राहिली.