गळा तयार आहे

सरकारी वाहिनीने शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम गुंडाळला आणि बुवांच्या टेपा पुसून त्यांवर चर्चा भरल्या. जिथे त्यांचा षड्ज लागायचा, तिथे आता चार जण एकमेकांच्या अंगावर धावून जातात. बुवांच्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण रियाज चुकला नाही. "लेकाच्यांना उद्या अक्कल आलीच, तर गळा तयार हवा," असं ते सुनेला ऐकवायचे.

आज रियाजाच्या मध्येच फोन वाजला. तानपुरा मांडीवर तसाच ठेवून बुवांनी तो घेतला.

"वाहिनीतून बोलतेय. बुवांवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करतोय, पण आमच्याकडे त्यांचं काहीच उरलेलं नाही. घरी एखादं रेकॉर्डिंग असेल का?"

"इतक्या वर्षांनी जाग आली म्हणायची," बुवा गुरगुरले. पण आवाजातला आनंद काही लपेना. "रेकॉर्डिंग कशाला हवंय? मी बुवाच बोलतोय. आत्ता येऊन गातो."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.



"अहो, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता तो. तुम्ही आहात म्हटल्यावर रद्दच करावा लागेल."