रिकामी कॉट

चौघींनी एकाच चिठ्ठीवर नावं लिहून द्यायची आणि वसतिगृहातली खोली घ्यायची, अशी तिथली पद्धत होती. वर्षभर मावशीकडे एकटीनं जेवून कंटाळलेली शलाका कुबड्या टेकत कार्यालयाच्या खिडकीपाशी पोचली, तेव्हा मैत्रिणींची चिठ्ठी जमा झाली होती. चौथं नाव तिचं नव्हतं.

"अगं, दुसरा मजला आहे," हर्षदा म्हणाली. "तुझ्यासाठी मॅडमना सांगून तळमजल्यावरची एकटीची खोली मिळवलीय. बाथरूम आतच. आम्ही येऊच की गप्पा मारायला."

शलाकाची कानशिलं तापली. "आपली प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहे?"

"तिसऱ्या."

"वर्षभर रोज चढतेय. तू आजारी होतीस तेव्हा तुझं जर्नलही मीच वर नेऊन दिलं. तेव्हा माझे पाय दिसले नाहीत तुला?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं गं," हर्षदा पुटपुटली.

"मला विचारायचंत तरी." शलाका खिडकीकडे वळली. "मॅडम, वर कुठे कॉट रिकामी आहे?"

रेक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "दोनशे अकरामध्ये आहे. पण त्या पोरी भारी दंगेखोर. दिवसभर पत्ते, गाणी, चोरून शेगडीवर चहा. तिथे कुणी टिकत नाही, बाई."

"तीच द्या."

हर्षदानं तिची वळकटी उचलायला हात पुढे केला.

"राहू दे," शलाका म्हणाली. "दोनशे अकरावाल्यांना हाक मारते."