कुठला सोमवार

"तुम्ही खोटारडे आहात, साहेब. चोवीस तास वीज देतो म्हणलात. कुठले चोवीस? उत्तर द्या."

गुरप्पा उभा राहून बोलत होता. समोर साहेब नव्हता. हातात भज्यांचा कागद होता, जुन्या पेपरातून फाडलेला, मधोमध तेलाचा डाग. त्यानं कागद कानाला लावला, जरा वेळ ऐकल्यासारखं केलं आणि बंडेप्पाकडं बघितलं.

"साहेब जेवायलेत," बंडेप्पा कढईवरनं म्हणाला.

हॉटेल हसलं. संतपूरच्या फाट्यावरच्या त्या हॉटेलात आठ दिवस हा खेळ चालू होता. गुरुपादय्या मास्तर लेकाकडं बिदरला राहायला गेले आणि जाताना वीस वर्षांचे मराठी पेपर बंडेप्पाला देऊन गेले. एकही अंक त्यांनी टाकला नव्हता. आता त्यात भजी मिळत होती. ज्याच्या कागदावर मोठी बातमी निघेल त्यानं ती वाचायची. ती खरी झाली असती तर काय झालं असतं, ते गुरप्पानं सांगायचं. मग साहेबाला जाब विचारायचा. साहेबाचं उत्तर कधीच येत नसे. तेवढाच विनोद होता, आणि तो रोज पुरत होता.

"पण वीज आली असती तर?" बियाण्याच्या दुकानातल्या हरिओमनं विचारलं.

"तर बायकोनं रात्री माझं तोंड नीट बघितलं असतं. माहेरला गेली असती."

मग हरिओमनं आपला कागद उलगडला. "चिंताकीला तेलाचा कारखाना मंजूर."

"झाला असता तर बंडेप्पानं कढईतलं तेल बदललं असतं."

"आठ दिवसांचंच तेल हाय."

"कुठल्या सालचे आठ दिवस?"

कोपऱ्यातल्या बाकावर गुंडेराव बसला होता. त्याला या खेळात कुणी ओढत नसे. तो हसायचा, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. त्याची भजी संपली होती. त्यानं कागदावरचा चुरा झटकला, कागद मांडीवर सपाट केला आणि वाचला.

"संतपूर-उदगीर सकाळची बस सोमवारपासून."

कुणी हसलं नाही. बातमी सात वर्षांपूर्वीची होती. ती बस फाट्यावर आजवर आलेली नाही. पेपरात मात्र आली होती. पहिल्या पानावर, चार कॉलम.

"द्या तो कागद, अण्णा," बंडेप्पा म्हणाला. "दुसरा देतो."

"राहू दे. माझी पाळी हाय." गुंडेरावनं कागद सोडला नाही. "सांग गुरप्पा. बस आली असती तर?"

गुरप्पानं रस्त्यापलीकडं बघितलं. तिथं त्याचं पंक्चरचं दुकान होतं. "मला न्हाई जमायचं, अण्णा."

"कामून? विजेचं जमतंय. तेलाचं जमतंय."

गुरप्पा खाली बसला. त्यानं तळव्याला लागलेलं काळं चोळलं.

"आली असती तर... तुमची लेक दीपमाला आता दवाखान्यात सिस्टर राहिली असती. मी ताप घेऊन गेलो असतो. तिनं मला सुई टोचली असती."

"कुठं?"

"दंडात."

"न्हाई. सायकलीत हवा भरताना तू लई चिडवायचास तिला. कंबरंत टोचली असती. जाड सुई."

हरिओमला हसू आलं. त्यानं घाईनं चहाचा ग्लास तोंडाला लावला. ग्लास रिकामा होता.

"त्या बुधवारी जीपला हात मीच केलता, अण्णा," गुरप्पा म्हणाला. "तिची परीक्षा हुकू नये म्हणून."

"ठाव हाय."

"आतमधी जागा न्हवती. मागच्या पायरीवर उभी राह्यली."

"ते बी ठाव हाय. जीप वळणावर उलटली. तुझ्या हातानं न्हाई उलटली." गुंडेराव कागदाकडं बघतच बोलत होता. "ही बातमी मी वाचून दाखविली तिला. म्हणलं, बाई, पेपरात आलंय. आता जीपला लटकायचं न्हाई."

तो उठला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. खेळात असं कुणी करत नव्हतं. मग गुरप्पा धरायचा तसाच त्यानं कागद समोर धरला, दोन्ही हातांनी.

"साहेब, माझी लेक सोमवारी सहाला या फाट्यावर उभी होती. नऊपर्यंत उभी होती. मंगळवारी बी आली. बुधवारी तिची परीक्षा होती."

त्यानं मथळ्याच्या शेवटच्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"कुठला सोमवार?"

त्यानं कागद कानाला लावला. कागदाचं तेल त्याच्या पांढऱ्या केसांना लागलं. सगळ्यांनी बंडेप्पाकडं बघितलं. आता बोलायची पाळी त्याची होती. बंडेप्पानं खाली वाकून गॅस बंद केला. कढईतली कच्ची भजी थोडा वेळ चुरचुरली, मग तीही गप्प झाली.

गुंडेरावनं कागद कानापासून काढला नाही.

"उत्तर द्या."