झाकणावरची पट्टी

“ताई, पुन्हा तपकिरीच,” मिस्त्रीने बॉनेटखालून आवाज दिला.

ती गॅरेजच्या दाराशी पाठ करून उभी होती. तो टाकीचं झाकण उघडत असताना बघायची तिला हिंमत झाली नव्हती. आता वळून आली. इंजिन गार ठेवणारं कूलंट हिरवंगार दिसायला हवं होतं. टाकीत मात्र आटवलेल्या काढ्यासारखं काहीतरी होतं.

मिस्त्रीने एक थेंब बोटांत चोळला, नाकाशी नेला. “तेल नाही यात. इंजिनमधलं तेल उतरलं असतं तर वर साय धरली असती. हा नुसता गंज.”

“पण रेडिएटर तर नवा घातलात.”

“पाइपही नवे. कळत नाही बुवा.”

नवरा गेल्यापासून गाडी तीच चालवत होती, आणि वर्षभर गाडीचं हे एकच रडगाणं चाललं होतं. पाणी बदलायचं, महिना-दीड महिना गेला की पुन्हा गंज. ती आली की मिस्त्री खुर्ची पुसून द्यायचा आणि मागच्या खोलीत चहा टाकायचा. खोलीत तो एकटाच राहायचा, पण कप दोन होते. उंबऱ्याशी जुने खिळे भिजत घातलेला एक डबा असायचा. एकदा तिचा पाय लागून तो लवंडता लवंडता वाचला होता. गप्पा मात्र रंगायच्या. घरी गेल्यावर भिंती खायला उठत, म्हणून ती चहा सावकाश प्यायची.

पहिल्यांदा गंज दिसला तेव्हा मिस्त्रीने सहज विचारलं होतं, “घरी कुणी नळाचं पाणी तर घालत नाही ना?” तिनेही ते लेकाला फोनवर सहज सांगितलं. लेकाने मात्र ते धरूनच ठेवलं.

“आई, तूच घालतेस आणि विसरतेस. परवा चष्मा फ्रीजमध्ये सापडला ना तुझा? उद्या गॅस चालू ठेवशील.”

ती आधी चिडली, मग घाबरली. चष्मा फ्रीजमध्ये सापडला होता, हे खरंच होतं.

म्हणून मागच्या खेपेला इथून घरी पोचताच तिने टाकीच्या झाकणावर एक चिकटपट्टी आडवी लावली आणि पट्टीवर सही केली. झाकण उघडायचं तर पट्टी काढावीच लागणार. लेकाशी तसं ठरलंही. पट्टी जागेवर राहिली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही राहिली तर घराला कुलूप लावून त्याच्याकडे जायचं, जिथे त्याच्याशिवाय तिला ओळखणारं कुणी नव्हतं. त्यानंतर धास्तीने तिने बॉनेटला हातही लावला नव्हता.

“मिस्त्री, झाकणावर चिकटपट्टी होती ना?”

“कसली पट्टी?”

तिने सगळं सांगून टाकलं.

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

“नाही, ताई,” तो अखेर म्हणाला. “पट्टी नव्हती.”

ती खुर्चीत बसली. म्हणजे पट्टीसुद्धा तिनेच काढली होती, आणि तेही तिला आठवत नव्हतं.

“मग लेकाचंच खरं. माझ्याच डोक्याला गंज चढलाय म्हणायचा.” तिने हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

“चहा टाकतो.”

“नको. गाडी आता विकायलाच काढते. इथला चहा तेवढा आठवेल.”

“ताई...”

“काय?”

“गाडी सावकाश चालवा.”

गाडी वळणाआड जाईपर्यंत तो दारात उभा राहिला. मग मागच्या खोलीत गेला. खिळ्यांच्या डब्यातला पेला बाहेर काढून त्याने डब्यातलं तपकिरी पाणी मोरीत ओतून दिलं. ती परत यावी म्हणून ते तिच्या टाकीत घालायची आता गरज उरली नव्हती. मघाशी झाकणावरून सोलून काढलेली चिकटपट्टी अजून त्याच्या खिशातच होती. त्याने ती उजेडात धरली. वर तिची सही होती.