झेलणाऱ्याचे हातमोजे

अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघाची निवड चाचणी संपत आली, तेव्हा निवडकर्त्यानं मार्कीजपुढे चेंडू झेलणाऱ्याचे हातमोजे धरले. “कॉलेजात तू क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा, होतास खरा, पण पळूनच सामने जिंकलेस. आमच्याकडे क्वार्टरबॅकनं जागेवर उभं राहून चेंडू फेकायचा असतो. हरणाला कुणी खुंट्याला बांधतं का, पोरा? तू झेलणारा हो.” मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या त्याच्या बापानं, ओटिसनं, कठडा घट्ट धरला. तीस वर्षांपूर्वी त्यालाही असंच सांगितलं होतं. त्यानं तेव्हा मुकाट्यानं हातमोजे चढवले होते आणि पुन्हा सामन्यात एकदाही चेंडू फेकला नव्हता. मार्कीजनं हातमोजे घेतले. ओटिसनं मान खाली घातली. “बाबा, इकडे बघा की!” पोरानं त्या हातमोज्यांनी दवात भिजलेला चेंडू खसाखसा पुसला आणि ते परत केले. “सर, अजून दहा फेकतो. मग बोला.” कठड्यावर ओटिसची बोटं, फेकायला चेंडू धरावा तशी, हातात नसलेल्या चेंडूभोवती हळूच वळली.