स्वेटरमधले बाबा

मे महिन्याच्या दुपारी सांगलीत एका बाईने लोकरीचा स्वेटर घातला. शेजारच्या आप्पांचा टीव्ही काल ऐन सामन्यात बंद पडला होता, आज पडला नाही. अंटार्क्टिकाच्या तळावर एका माणसाने घाईघाईने दाढी उरकली.

पाच वर्षांखालचं मूल जवळ आलं की फोन, टीव्ही, सगळेच पडदे काळे आणि मुके व्हायचे. कायदाच तसा होता. त्यामुळे वृषाली दोन वर्षं अंटार्क्टिकाला गेलेल्या नवऱ्याशी, मुकुंदशी, गच्चीवर जाऊन फोनवर बोलायची आणि खाली येऊन, त्याचा स्वेटर चढवून, त्याचं बोलणं लेकीला करून दाखवायची. आज रेणूला पाच पूर्ण झाली. तरी सवयीने स्वेटर अंगावर आलाच. फोन लागला. रेणू शेजारी बसली तरी पडदा उजळलेलाच राहिला.

"काय गं ठमाबाई!" मुकुंद म्हणाला.

रेणूने त्याला नीट निरखलं. "आई, हे दिसतात फोटोतल्या बाबांसारखे. पण यांना बाबा करता येत नाही."

मुकुंद हसायला गेला आणि थांबला. आपणच याला लेकीपासून तोडलं की काय, या विचाराने वृषाली स्वेटर काढू लागली.

"तू कर ना बाबा," रेणू तिला म्हणाली.

पलीकडे मुकुंदने खुर्ची पुढे ओढली. "कर गं. मलाही बघू दे, मी कसा आहे ते."

हा कायदा व्हावा म्हणून दारोदार सह्या गोळा करणाऱ्यांत मुकुंद होता. तेव्हा त्याचं लग्नही झालेलं नव्हतं.