पलीकडचं पिवळं निशाण

बेटावर जायचा पूल खुला झाला, त्या दिवशी इसोजीची होडी शेवटची चालायची होती. उद्या ती भंगारात जाणार होती. निदान एक तरी प्रवासी यावा म्हणून तो सकाळपासून धक्क्यावर बसून होता. सारं गाव मात्र पुलावर फुकटची साके पीत होतं.

"जन्मभर यांना नेलं-आणलं. आज कुत्रंही फिरकलं नाही," तो करवादला.

"कुत्र्यालाही पूल आवडला असेल," बायको सुमिए डबा ठेवत म्हणाली.

तेवढ्यात पलीकडच्या धक्क्यावर पिवळं निशाण चढलं. होडी हवी असली की बेटावरचे लोक ते चढवत, आणि होडी निघालेली दिसली की उतरवत. इसोजीनं घाईघाईनं इंजिन सुरू केलं. निशाण उतरलं.

पलीकडे पोचला, तर धक्का ओस होता. निशाणाची दोरी तेवढी अजून हलत होती.

"या, बसा!" त्यानं सवयीनं हाक मारली.

होडी हलली आणि जराशी खाली गेली. पुन्हा हलली, आणखी खाली गेली. मग हलतच राहिली. पाणी काठापर्यंत आलं, तशी त्यानं घाबरून दोर सोडला.

अलीकडे येऊन तो कसाबसा म्हणाला, "उतरा. आलं गाव."

होडी तसूभरही वर आली नाही. त्यानं मागे पाहिलं. बेटावर निशाण पुन्हा चढलं होतं.

"रिकामेच आलात ना?" सुमिए हसली. "सरका, आज मीच तुमची प्रवासी." तिनं पाय उचलला.

"चढू नकोस," इसोजी पुटपुटला. "जागा नाही."